आधी डावी सीट, मग कार्गो

वाचकाचं पत्र :

सर, नमस्कार. वय २९, राहणार मनीषनगर, नागपूर. एका प्रवासी कंपनीत एटीआर ७२ या प्रोपेलर विमानावर को-पायलट आहे, बेस हैदराबाद. एकूण १,९०० तास झालेत, एटीपीएल (कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन्स) गेल्याच महिन्यात हाती आलं. कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या यादीत माझ्यापुढे सहा जण आहेत. वर्षभरात नंबर लागेल, असं फ्लीटमधले लोक म्हणतात.

अशात एका नव्या कार्गो कंपनीची ऑफर आली आहे. बोइंग ७३७-८०० फ्रेटर, म्हणजे मालवाहू जेट. सध्या दोन विमानं आहेत, दीड वर्षात पाच होतील म्हणतात. टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या विमानाच्या प्रशिक्षणाचे आणि परवान्याचे पंधरा लाख माझे, वर तीन वर्षांचा बॉन्ड. पण पगार आत्तापेक्षा तीस टक्के जास्त, आणि ‘अडीच वर्षांत कमांड’ असं एचआरने तोंडी सांगितलं आहे. मित्र म्हणतात, जेट चालून आलंय, प्रोपेलरवर किती दिवस काढशील? कोविडमध्ये कार्गोचीच विमानं उडत होती, म्हणजे नोकरीही पक्की. बाबा महावितरणमधून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, ‘माणसं न्यायची सोडून आता पार्सलं नेणार का?’ बायको इथे शाळेत शिकवते, मुलगी दीड वर्षाची आहे. फ्लाइंगच्या कर्जाची अजून सात वर्षं बाकी आहेत. काय करू?

– उजव्या सीटवरचा, नागपूर

उत्तर :

उजव्या सीटवरच्या मित्रा,

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. आत्ता जाऊ नकोस. एटीआरची कमांड घे, डाव्या सीटवर कॅप्टन म्हणून पाचेकशे तास तरी काढ आणि मग कार्गोचं दार वाजव. मी स्वतः बरीच वर्षं रात्रीचा माल वाहिला आहे, त्यामुळे कार्गोबद्दल माझ्या मनात अढी नाही. अढी आहे ती तोंडी ‘अडीच वर्षां’बद्दल.

बाबांचं पहिलं निपटवू. लायसन्स तेच, क्लास वन मेडिकल तेच, सिम्युलेटरमध्ये घाम काढणारा चेक तोच. मागे माणसं आहेत की खोकी, हे इंजिनाला कळत नाही. आणि नागपूरच्या माणसाने तरी पार्सलाच्या विमानाला नाकं मुरडू नयेत. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं परत फिरायची. आजचे एक्स्प्रेस कार्गोवाले करतात ते नेमकं हेच. संध्याकाळपर्यंत माल गोळा करा, रात्री उडवा, सकाळी दारात पोहोचवा. आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी नोकऱ्यांची पत्रं याच सोनेगावावरून गेली असतील, एवढं त्यांना सांग.

याच सोनेगावची दुसरी गोष्ट मात्र तू ऐक. एअर डेक्कन हातची गेल्यावर कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये ‘डेक्कन ३६०’ ही मालवाहू कंपनी काढली आणि तिचं हब ठेवलं नागपूरला. नकाशावर बोट ठेवलं तर मधोमध आपणच, म्हणून. एअरबस ए३१० फ्रेटर आले, एटीआर आले, शहरात किती उत्साह होता! विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातल्या जमिनीचे भाव पानठेल्यावर बोलले जायचे. थोड्याच वर्षांत सगळं थंडावलं. भूगोल चुकला नव्हता. पण रोज रात्री विमान भरेल एवढा माल, आणि तो येईपर्यंत तग धरायला लागणारा पैसा, दोन्ही पुरले नाहीत. त्या कंपनीतही पोट्ट्यांना डाव्या सीटची स्वप्नं पडलीच असतील.

म्हणून कार्गो कंपनीबद्दल माझा पहिला प्रश्न विमानांचा नसतो, पगाराचाही नसतो. माल कुणाचा, हा असतो.

ब्लू डार्टचं बघ. १९९६ पासून त्यांची स्वतःची विमानं उडताहेत, कारण पोटातला माल त्यांच्याच कुरिअरचा असतो. मंदीत तो कमी होतो, पण एका सकाळी उठून दुसऱ्याकडे जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे विमान आपलं, माल गिऱ्हाइकाचा. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने हैदराबादला आपली हवाई सेवा सुरू केली, ती क्विकजेट या कार्गो कंपनीच्या ७३७-८०० वर. अशा व्यवस्थेत वैमानिकाची नोकरी त्या एका कराराच्या मुदतीइतकीच लांब असते. करार वाईट असतो असं नाही, फक्त त्याची तारीख माहीत पाहिजे. तिसरा प्रकार सगळ्यांत डळमळीत. आज हाँगकाँगचा माल, उद्या बांगलादेशचा, परवा कुणाचा चार्टर. भाव चढे असतात तोवर चंगळ, उतरले की विमान हँगरच्या सावलीत.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याचा माल फेडएक्स दोन दशकांहून जास्त काळ वाहत होती. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो करार संपला आणि काम तिच्या प्रतिस्पर्धी यूपीएसकडे गेलं. एवढी मोठी कंपनी, शेकडो विमानं, तरी वैमानिकांना आपले महिन्याचे तास पुन्हा मोजावे लागले. तिथे निदान युनियनचा करार असतो, सिनिऑरिटीची यादी असते. कपात झालीच तर शेवटी लागलेला आधी घरी जातो आणि परत बोलावताना नंबरही त्याच यादीने लागतो. आपल्याकडे तुझ्या हातात फक्त नेमणुकीचं पत्र. त्यात जे लिहिलंय तेवढंच तुझं.

कोविडचा दाखला मित्र देतात तो खरा आहे. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती आणि कार्गोची उडत होती. पण त्याच तेजीत जगभर जुन्या प्रवासी विमानांना मोठं दार कापून मालवाहू करायची रांग लागली. पुढे प्रवासी विमानं परत उडू लागली आणि त्यांच्या पोटातली जागाही बाजारात आली. इंडिगोने तर स्वतःचे ए३२१ फ्रेटर आणले. २०२२ नंतर मालाचे भाव उतरले ते यामुळेही. आणीबाणीत कार्गो तगतं म्हणजे एरवीही तगतं, असा हिशेब करू नकोस. प्रवासी कंपन्या तरी कुठे अमर आहेत म्हणा. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. जेटचे केस पिकलेले कॅप्टन दुसरीकडे लागले तेव्हा तिथल्या यादीत तळाला गेले. सिनिऑरिटी कंपनीतच राहते. सोबत येतात ते लॉगबुकातले तास आणि टाइप रेटिंग.

आता अडीच वर्षांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझा खरा प्रश्न हाच आहे.

रात्रीच्या एक्स्प्रेस कार्गोत विमान एका रात्रीत जायचं एक आणि यायचं एक, असे दोन सेक्टर, म्हणजे दोन उड्डाणं करतं. वैमानिकाचे महिन्याला चाळीसएक तास झाले तरी बरेच म्हणायचे. तू एटीआरवर दिवसाला चार-चार सेक्टर मारतोस, सत्तर तास सहज होतात, त्यामुळे हा फरक तुझ्या डोळ्यांसमोर नसेल. समज, त्यांच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये कमांडसाठी ७३७ वर दीड हजार तासांची अट आहे. चाळीसने भाग. सदतीस-अडतीस महिने. म्हणजे एक दिवस सुट्टी न घेता, एकही विमान जमिनीवर न राहता, तीन वर्षं उलटून जातात. अडीच वर्षांत होतात बाराशे. मग एचआरने अडीच कुठून काढले? एक तर अट बाराशेहून कमी असेल, किंवा पाच विमानं आल्यावर तास वाढतील असं गृहीत धरलं असेल, किंवा तुला खूश करायला बोलले असतील. यातलं खरं काय ते मॅन्युअलचं पान बघितल्याशिवाय कळणार नाही. पान दाखवा म्हण. लाजू नकोस.

तास झाले तरी खुर्ची रिकामी लागते. दोन विमानांना प्रत्येकी पाच जोड्या धर, म्हणजे दहा कॅप्टन. हे दहा जण कोण आहेत? त्यांतले चौघे साठीच्या पुढचे असतील तर तुझं भाग्य, कारण पासष्टला त्यांना उतरावंच लागतं. सगळे चाळिशीतले असतील तर ते कशाला उठतील? काही जण ‘फाटा’वरचे, म्हणजे तात्पुरत्या परवानगीवर आलेले परदेशी कॅप्टन असतील तर ती परवानगी कधी संपते, ते विचार. नव्या कंपनीत हे बरेचदा आढळतं आणि तिथून जागा निघतात. को-पायलटांमध्ये तुझ्याआधी किती जण आहेत, हेही विचार. दोन विमानांच्या कंपनीत तुझ्यापुढे आठ जण असले तर तुझी आत्ताची सहाची यादी त्याहून लहान ठरते. हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

आणि ती तीन नवी विमानं? ‘येणार आहेत’ याचे पाच-सहा अर्थ होतात. मालकाच्या मनात आहेत, लीजची बोलणी चालू आहेत, लीजवर सही झाली आहे, विमान चीनमध्ये जिनानसारख्या ठिकाणी दार कापायला उभं आहे, किंवा काम होऊन डीजीसीएच्या, म्हणजे हवाई नियामकाच्या कागदांची वाट बघतंय. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत वर्षं जातात. मुलाखतीत विमानाचा सिरियल नंबर विचारणारा को-पायलट मी पाहिला आहे. समोरचे चिडले नाहीत, उलट त्यांनी खरं सांगितलं.

याहून सरळ गणित तुझ्या नोटीसचं आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेखच नाही. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कॅप्टनला एक वर्षाची. आज राजीनामा टाकलास तर सहा महिने इथेच. मग ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग, रिलीज. नवीन कंपनीत सिम्युलेटरचा स्लॉट आणि ट्रेनर कॅप्टन दोन्हींचा दुष्काळ असतो, म्हणून यात आणखी चार-पाच महिने सहज जातात. म्हणजे तू ७३७ वर सुटा को-पायलट होशील त्याच सुमाराला इकडे एटीआरवर तुझा कमांडचा नंबर लागला असता. पंधरा लाख देऊन तू एक वर्षात पुन्हा उजव्याच सीटवर! पटतंय?

माझ्या सल्ल्याची किंमतही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. कॅप्टन झालास की नोटीस वर्षाची होते. तुझी कंपनी कमांड ट्रेनिंगवर वेगळा बॉन्ड घेऊ शकते, तोही बघ. आणि जेटचे तास पुढे ढकलले जातात हे खरंच. आखातातल्या कंपन्या जेटचे तास मागतात, तिथे जायचं डोक्यात असेल तर मित्रांचं बोलणं अगदीच फोल नाही. पण माणूस एकदा कॅप्टन झाला, विमान ताब्यात घेऊन पावसाळ्यात चार वेळा कुठे डायव्हर्ट करून आला, की मुलाखतीला त्याच्याशी बोलायची तऱ्हा बदलते. दोनाच्या चार विमानं करणाऱ्या कार्गो कंपनीला तर कॅप्टनचीच चणचण असते. तेव्हा टाइप रेटिंगचा खर्च कुणी करायचा, बॉन्ड किती, कमांड किती तासांत, यावर घासाघीस करता येईल. आज तू घासाघीस करायच्या जागेवर नाहीस. १,९०० तासांचे को-पायलट बरेच आहेत, आणि दोनशे तासांचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घेऊन घरी बसलेली पोरं तर गोंदियापासून बारामतीपर्यंत पसरली आहेत.

तू ज्या विमानासाठी जाणार आहेस ते चांगलं आहे, हे मान्य. ७३७-८०० ची रेटिंग प्रवासी कंपन्यांतही चालते. कंपनी बुडाली तरी ती तुझ्यासोबत बाहेर पडते. हीच ऑफर जुन्या बोइंग ७५७ ची असती तर मी आणखी कडक बोललो असतो. शेवटचं ७५७ कारखान्यातून २००५ मध्ये गेलं, आणि आज आपल्याकडे ते रेटिंग विचारणारे दरवाजे एका हाताच्या बोटांवर मोजावेत. मालवाहू विमानं बहुधा वयस्कर असतात, त्याचा हा दुसरा धोका. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएसचं एमडी-११ पडलं आणि त्यापाठोपाठ त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर आली. ज्याच्या लायसन्सवर तेवढंच एक विमान, त्याने काय करायचं?

पगाराचे तीस टक्के. यातून पंधरा लाखांचा हप्ता वजा कर आणि किती तासांची हमी आहे ते विचार. हमी नसेल, तासावर पैसे असतील, आणि महिन्याला पस्तीसच तास मिळाले तर तुझे तीस टक्के कागदावर राहतील. बाकी आकडे तूच जुळव.

रात्रीबद्दल मात्र घरात बसून बोला, बायकोसह. रात्री दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यांत मंद काळ, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. कार्गोत तो रोजचा ऑफिसचा वेळ होतो. पावणेतीनला बे वर उभा राहतोस, माल चढवणारा हाय-लोडर वर येतो, पॅलेटवरची जाळी ओढून बघतोस, खालची कुलपं बसलीत का ते टॉर्च मारून तपासतोस, लिथियम बॅटरीचा माल असेल तर त्याचा कागद वाचतोस, वजनाच्या वाटपाच्या लोड अँड ट्रिम शीटवर सही करतोस. हे सगळं अशा वेळी की साधी बेरीज करताना बोटं मोजावी लागतात. केबिन क्रू नाही, कॉफी आणून देणारं कुणी नाही. डबा आणि थर्मास आपापला. मला ते आवडायचं. शांतता असते, रेडिओवर गर्दी नसते, मागून तक्रार येत नाही. पण सकाळी झोपायचं कुठे, हा प्रश्न आहे. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दुपारी बारा वाजता, कूलरचा घरघराट, शेजारी स्लॅबचं काम आणि दीड वर्षाची मुलगी दारावर थापा मारतेय, अशात सहा तास सलग झोप लागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यातून बेस नागपूर नसणारच. म्हणजे सुट्टीतली निम्मी झोप प्रवासात.

डीजीसीएच्या नव्या ड्यूटी नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि ‘रात्र’ पहाटे सहापर्यंत ताणली, रात्रीच्या लँडिंगवरही लगाम घातला. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची जी त्रेधा उडाली ती याच नियमांपायी. ज्या कंपनीचा धंदाच रात्रीचा, तिला जास्त जोड्या लागणार हे उघड आहे. त्यांच्याकडे त्या आहेत का, की दहा जोड्यांत ओढताहेत? मागच्या तीन महिन्यांचं एखाद्या को-पायलटचं रोस्टर मागून बघ. एचआर देणार नाही. तिथे उडणारा एखादा ओळखीचा निघेल; नागपूर फ्लाइंग क्लब नाहीतर गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलचं जाळं कशाला असतं?

माझं म्हणणं कधी मोडायचं तेही सांगतो. तुझी कंपनी एटीआर परत करत असेल, किंवा ती सहाची यादी गेलं वर्षभर सहाचीच असेल, तर इथे थांबण्यात अर्थ नाही. किंवा कार्गोवाल्यांनी तीन गोष्टी पत्रात लिहून दिल्या तर: टाइप रेटिंगचा खर्च त्यांचा किंवा निम्मा-निम्मा, कमांडची तासांची अट आणि यादीतला तुझा नंबर, आणि विमानं कमी झाली किंवा बंद पडली तर बॉन्ड आपोआप रद्द. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची आणि तीच पोरं मागत नाहीत. कंपनीने पगार थकवला आणि वर बॉन्डची नोटीस पाठवली, असे प्रकार या धंद्यात झाले आहेत. सही करण्याआधी पत्र एखाद्या वकिलाला दाखव. ओळखीतलं कुणीतरी असेलच.

ऑफरची मुदत संपतेय म्हणून धावाधाव करू नकोस. आज त्यांना मेल टाक: आवड आहे, पुढील माहिती मिळाल्यावर निर्णय कळवतो. खाली हे तीन मुद्दे आणि मॅन्युअलच्या पानाची विनंती. भाषा नम्र, मुद्दे नंबर घालून. आणि हैदराबादला परत गेलास की फ्लीट ऑफिसात जाऊन, चहाच्या टपरीवर नव्हे, यादीतला तुझा नंबर आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या कमांड बॅचच्या तारखा मेलवर मागून घे. ‘वर्षभरात’ हेही शेवटी तोंडीच आहे ना? तिथून गोलमाल उत्तर आलं तर दोन्ही मेल मला पाठव, हिशेब नव्याने मांडू.